धुळ्याला पुस्तक राखून ठेवायला गेलो, त्याची हकिकत

दोन हजार चोवीस साल. मला शहात्तरावं चालू होतं आणि त्या वयात मी जामनेर तालुक्यातलं माझं गाव सोडून, जळगावमार्गे धुळ्याला, एक पुस्तक राखून ठेवायला गेलो. वाचायला नाही. वाचायचंच असतं तर घरात पंचांग होतं.

ज्यानं त्यानं पारावर विचारलं, आबा, चार दिवस कुठं गायब होते. एकेकाला सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहून काढतो. माझं शिक्षण चौथी. पाचवीत मास्तरांनी बाकावर उभं केलं, त्या बाकावरून मी खिडकीबाहेर उडी मारली ती थेट केळीच्या बागेत. अजून तिथंच आहे. तेव्हा शुद्धलेखन तपासू नका.

माझी नात चेतना, थोरल्या पोराची पोरगी, विद्यापीठाच्या ग्रंथालयात कंत्राटी नोकरी करते. तिथं तिनं मोबाईलवरचं ग्रंथालय तयार केलं. म्हणजे असं, की साक्रीच्या नाही तर शिरपूरच्या माणसाला पुस्तक पाहिजे असेल तर त्यानं एसटीनं जळगावला येऊन ‘नाही, कोणीतरी नेलंय’ हे ऐकून परत जायचं नाही. घरी बसून मोबाईलवर बघायचं. पुस्तक असलं तर ‘राखून ठेवा’ म्हणून बोट दाबायचं. ते त्याच्या नावानं बाजूला निघतं आणि जवळच्या कॉलेजात पोचतं. मोबाईलमध्ये वेगळं काही भरून घ्यावं लागत नाही. हे बरं केलं, कारण आमच्या मोबाईलमध्ये सुप्रभातच्या फुलांना सोडून कोणाला जागाच नसते.

आता हे चालू करायच्या आधी समिती बसणार होती. समितीचं म्हणणं पडलं की नुसती कॉलेजची पोरं नकोत, सगळ्या वयाच्या माणसांना जमतं का ते दाखवा. जमलं तर चेतनाचं काम पुढं चालणार. नाही जमलं तर बाहेरच्या कंपनीचं तयार काहीतरी आणून बसवणार आणि चेतना घरी. म्हणून तिनं मला फोन केला. आबा, तुम्ही या, तुम्ही एकदम योग्य माणूस आहात.

मी विचारलं, माझ्यात काय बघितलं?

ती म्हणाली, तुम्हाला यातलं काहीच येत नाही.

शहात्तर वर्षांत मला अडाणीपणावर निवडून घेण्याची ही पहिलीच वेळ. मी निघालो.

जळगाव

मार्गशीर्षातली थंडी होती. घरची केळीची एक फणी पिशवीत घातली, ग्रंथपाल बाईंसाठी. रिकाम्या हातानं कोणाच्या दारात जायचं नाही ही आपल्याकडची रीत. एसटीत माझ्या शेजारी एक बाई कोंबडी मांडीवर घेऊन बसली होती. कोंबडी सबंध रस्ताभर माझ्या पिशवीकडे बघत होती. दुसरं काही सांगण्यासारखं घडलं नाही.

विद्यापीठ गिरणा ओलांडून टेकडीवर आहे. तुम्ही कोणी गेला नसाल म्हणून सांगतो. इतकी मोकळी जागा आणि त्यात एक ढोर चरत नाही. बघून जीव हळहळतो. ग्रंथालयाच्या दारात मी चपला काढल्या, सरस्वतीची जागा म्हणून. आत जाऊन बघतो तो बाकी सगळे बुटांसकट फिरताहेत. चेतना म्हणाली, आबा, घाला चपला, इथं चालतं. पण एकदा काढल्या त्या काढल्या. दिवसभर त्या गार फरशीवर मी अनवाणी फिरलो आणि संध्याकाळी पायाला गोळे आले, पण चपला घातल्या नाहीत.

दारातल्या शिपायानं पिशवी अडवली. आत खायचं न्यायला बंदी आहे म्हणे. मी म्हटलं, हे खायचं नाही, भेट आहे. तो म्हणाला, केळी आहेत. मी एक सोलून त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, खाऊन सांग. त्यानं खाल्लं आणि दारातून बाजूला झाला. उरलेली फणी बाईंच्या टेबलावर पोचली. बाईंनी चहा सांगितला, सोबत चांगली खारी बिस्किटं. बाई इतक्या प्रेमानं बोलल्या की मला आमच्या मोठ्या बहिणीची आठवण आली, फक्त बाई ओरडत नव्हत्या.

मग परीक्षा. तिची रीत अशी, की मोबाईल माझाच, माझ्या हातात. चेतना समोर बसणार, पण मदत करणार नाही आणि मोबाईलमध्ये डोकावणारही नाही. काम एकच. केळीवरचं एखादं पुस्तक शोधायचं आणि माझ्या नावानं राखून ठेवायचं. आणि करताना मनात जे येईल ते मोठ्यानं बोलायचं.

मी विचारलं, जे येईल ते?

‘सगळं, आबा. तेच आम्हाला ऐकायचंय.’

इतक्या वर्षांत घरातल्या कोणी मला बोला म्हटलं नव्हतं, गप बसा तेवढंच म्हणतात. मी सुरू झालो. म्हटलं, ही खुर्ची टोचते. म्हटलं, पंख्यावर धूळ आहे. एका बोटानं ‘केळी’ लिहिलं, त्याला बराच वेळ लागला, तेवढ्यात बियाण्याच्या भावावर बोलून घेतलं. पुस्तकं आली. एक निवडलं. त्याचं चित्र आलं, नाव आलं. आणि पुढं काही नाही.

माझ्या मोबाईलची अक्षरं जामनेरच्या दुकानदारानं मोठी करून दिलेली आहेत. एका ओळीत तीन शब्द मावतात. खाली अगदी तळाला मला अक्षरांच्या डोक्यावरची आडवी रेघ तेवढी दिसत होती. रेघेखालची अक्षरं जमिनीत गाडल्यासारखी. बोट घासलं, वर सरकेना. दाबलं, काही होईना. मोबाईल उलटा धरून दाबलं, तरी होईना.

चेतना कागद-पेन घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होती. बाई पलीकडे टेबलावर माझंच केळं सोलत होत्या. बिस्किटाचा तुकडा अजून माझ्या दातात होता.

मी म्हटलं, झालं. छान आहे. सोपं आहे.

मनात येईल ते सगळं बोललो होतो, एवढं एक सोडून.

आता तुम्ही म्हणाल, आबा, खोटं कशाला बोलला. तुम्ही माझ्या जागी बसून बघा. शिकलेल्या माणसानं ‘दिसत नाही’ म्हटलं तर लोक दिवा लावतात. चौथी पास माणसानं म्हटलं तर लोक त्याच्याकडे बघून मान हलवतात. मी माझ्या बागेला ठिबकचं पाणी या मोबाईलवरनं देतो. मला एक पुस्तक राखता येत नाही असं मी बाईंच्या देखत म्हणणार? आणि वर त्यांचा चहा पिऊन?

एरंडोल, पारोळा, आणि एसटीतलं बोलणं

दुसऱ्या दिवशी धुळ्याची गाडी धरली. समिती तिकडच्या एका कॉलेजात बसणार होती आणि धुळ्याला माझे व्याही, चेतनाच्या आईचे वडील. ते पण परीक्षेला बसणार होते. त्यांना सगळे नाना म्हणतात. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत, पण वागतात दहा वर्षांनी मोठे असल्यासारखे.

एरंडोलपर्यंत रस्त्याच्या कडेनं आपली ओळखीची हिरवळ दिसते. पारोळ्याच्या पुढं जमीन एकदम कोरडी होत जाते, कपाशीच्या उभ्या पऱ्हाट्या, मधून एखादी बाभूळ. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरून भजी आणली. चेतनानं हात लावला नाही. तेव्हा मी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. डोळ्यांखाली काळं झालेलं.

मी विचारलं, काय झालं गं. तिनं सांगितलं ते असं.

पोरांनी राखलेली पुस्तकं बरोबर नोंदली जात होती. पण मोठ्या माणसांची नाही. प्राध्यापक, मेसच्या मावशी, पोरांचे आईबाप, सगळे ‘झालं, छान आहे’ म्हणून उठून गेले आणि आत यंत्रात बघावं तर त्यांच्या नावावर काही नाही. म्हणजे मोबाईलवरनं निघालेली मागणी मधेच कुठंतरी हरवते, असं तिनं धरलं होतं. आठ दिवस ती तेच शोधत होती. दुरुस्त्या करून पुन्हा बघत होती. काल तर मुद्दाम एक नवी दुरुस्ती करून मला बसवलं होतं.

‘तुमचं पण हरवलं, आबा,’ ती म्हणाली. ‘तुम्ही दाबलं ना, मी बघत होते. मग गेलं कुठं?’

माझ्या तोंडात भजं होतं. मी खिडकीतनं बाहेर बोट दाखवून म्हटलं, तो बघ किल्ला.

किल्ला दुसऱ्या बाजूला होता. पण तिचं लक्ष नव्हतं.

धुळे

धुळ्याच्या जुन्या भागातल्या गल्ल्यांना नंबर आहेत. चार नंबर गल्ली, पाच नंबर गल्ली. आमच्या गावात गल्लीला कोणाचं तरी नाव असतं, निदान तिथं राहणाऱ्या भांडखोर माणसाचं तरी. इथं नुसते आकडे. घर मात्र लगेच सापडतं, हे मान्य करावं लागेल, नानांना सांगू नका.

नाना ओट्यावरच बसले होते. ‘या याही,’ म्हणाले. व्याह्याला तिकडे याही म्हणतात. पाणी दिलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, की जळगावला तुमची परीक्षा कशी झाली.

मी म्हटलं, माझी? एका झटक्यात.

नाना हसले. चेतनानं मागच्या आठवड्यात त्यांना घरी येऊन एकदा बसवलं होतं. म्हणाले, ‘मनं ते लगेच व्हई गयं. बठ्ठं सोपं शे.’ म्हणजे माझं तर लगेच झालं, सगळं सोपं आहे.

आमचे दोघांचे चेहरे एकमेकांकडे. तेवढ्यात चेतना आत निघून गेली.

जेवायला विहीणबाईंनी फौजदारी डाळ केली होती. नाव ऐकून वाटलं, जेवून थेट कोर्टात जावं लागतंय. सगळ्या डाळी एकत्र आणि वर असा तिखट तर्रीचा थर, की पहिल्या घासाला माझ्या कानातनं वारं निघालं. शिवाय माझ्यासाठी मुद्दाम भरीत. आमच्याकडे भरीत म्हणजे वांगी काड्यांवर भाजायची, लाकडी भांड्यात मिरच्यांबरोबर ठेचायची आणि कांद्याच्या पातीवर तेल सोडायचं, बस. विहीणबाईंनी त्यात टमाटे घातले होते. भरतात टमाटा म्हणजे लग्नाच्या वरातीत पोलीस. त्यांनी विचारलं, कसं झालंय?

मी म्हटलं, फार छान. त्यांनी आणखी वाढलं.

चेतना ताटावर आलीच नाही. मी हात धुवायला मागच्या दारी गेलो तर ती तिथं पायरीवर बसून फोनवर ग्रंथपाल बाईंशी बोलत होती. मी कान लावला नाही, पण मागचं दार लहान आहे. ती म्हणत होती, बाई, उद्या मी समितीला स्वतःच सांगते की मागण्या हरवताहेत आणि मला सापडत नाही. लोक बिचारे बरोबर करताहेत, चूक माझी आहे. मी हे काम मागं घेते.

मी हात न धुता परत फिरलो.

झोपताना नाना शेजारच्या खाटेवर. घोरत नव्हते, म्हणजे जागे होते. मला विचारावंसं वाटलं, नाना, खरंच झालं होतं का तुमचं? पण मी विचारलं असतं तर त्यांनी मला विचारलं असतं. म्हणून दोघं गोधडी ओढून पडून राहिलो.

कॉलेजातली समिती

कॉलेजचं ग्रंथालय जुनं आणि नीटनेटकं. या वेळी चपला पायातच ठेवल्या. लांब टेबलाच्या एका बाजूला समितीची तीन माणसं, मधले मफलरवाले प्राचार्य अध्यक्ष. ग्रंथपाल बाई जळगावहून आल्या होत्या. माझ्याकडे बघून हसल्या, आणि मला पुन्हा ती खारी बिस्किटं आठवली.

चेतना उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. ती म्हणाली, सुरू करण्याआधी मला एक सांगायचंय.

मी म्हटलं, आधी माझी परीक्षा घ्या.

प्राचार्य म्हणाले, आजोबा, थांबा, मॅडमना बोलू द्या. मी म्हटलं, मी जामनेरहून आलोय, ती काय इथंच आहे, नंतर बोलेल. आणि खुर्चीवर जाऊन बसलो, मोबाईल काढला. माणूस एकदा बसला की त्याला उठवणं समितीलाही जड जातं.

केळी लिहिलं. मनातलं मोठ्यानं बोलायची रीत होतीच. म्हटलं, साहेबांनी मफलर आत बसून घातलाय, म्हणजे एक तर घसा खराब आहे नाही तर घरी कोणी दटावलंय. दोघं हसले, साहेब नाही. पुस्तक निवडलं. चित्र आलं, नाव आलं. आणि तळाला तीच अक्षरांच्या डोक्यावरची रेघ.

मी बोलायचा थांबलो. चेतना म्हणाली, आबा, बोलत राहा.

‘मले पुढचं काही दिसत नाही,’ मी म्हटलं. ‘जळगावलाबी दिसलं नव्हतं. मी बटण बिटण काही दाबलं नाही. झालं म्हणून उठलो.’

चेतनाचं पेन हातातच राहिलं.

प्राचार्यांनी विचारलं, मग तिथं का नाही सांगितलं?

मी म्हटलं, साहेब, बाईंनी चहा पाजला होता. खाऊन पिऊन वर तुमचं चांगलं नाही असं कोणाच्या तोंडावर म्हणायचं? तुमच्याकडे म्हणतात का?

मागून नानांचा आवाज आला. ते भिंतीशी बसले होते, जमिनीकडे बघत.

‘माले बी नही दिखनं,’ नाना म्हणाले.

मी मागं वळून बघितलं. मला चीड आली आणि बरंही वाटलं. आठवडाभर हा माणूस मिशीला पीळ देऊन बसला होता.

चेतना आली आणि माझ्या खुर्चीपाशी खाली जमिनीवरच बसली. मोबाईल घेतला. अक्षरं बघितली, बोटानं खाली सरकवून बघितलं, पुन्हा बघितलं. मग नानांचा मोबाईल मागून घेतला. त्याचीही अक्षरं मोठी. त्याच्याही तळाला तीच रेघ.

‘बटण खाली दडलंय,’ ती म्हणाली. ‘मोठ्या अक्षरांत ते पडद्याच्या बाहेर जातंय. काहीच हरवत नव्हतं. कोणी दाबलंच नव्हतं.’ मग माझ्याकडे मान वर करून म्हणाली, ‘आबा, आठ दिवस.’

तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो तर तिनं हात झटकला. रागावली होती. तो राग मला चालला. आदल्या दिवशीच्या तोंडापेक्षा तो बरा होता.

समितीनं मग आपसात बरंच बोलून घेतलं. एका साहेबांचं म्हणणं, म्हणजे हे चालत नाही असंच ना. प्राचार्यांचं म्हणणं, चालत नाही, पण का चालत नाही ते आज कळलं. बाईंनी मुदत मागितली. शेवटी ठरलं की आज मंजूर नाही. महिनाअखेरीला पुन्हा बसू, तोवर मोठ्या अक्षरांच्या माणसांकडून पुन्हा करून घ्यावं, आणि त्यातल्या निम्म्यांनी तरी खरोखर पुस्तक राखून दाखवावं. नाही झालं तर कंपनीचं आणू. उठताना प्राचार्य मला म्हणाले की घसाच खराब आहे. मी म्हटलं, हळद घालून दूध प्या.

परत येताना रिक्षात चेतना माझ्याशी बोलली नाही. नानांशीही नाही. पुलावर पांझरेचं थोडंसं पाणी चमकत होतं. नाना हळूच म्हणाले की आमच्या नदीला पावसाळ्यात बघा. मी म्हटलं, आमच्या वाघूरला बघा. तेवढ्यावर ती हसली. मग तिनं विचारलं की दोघांच्या ओळखीत मोठ्या अक्षरांचे मोबाईल किती जणांकडे असतील. नाना म्हणाले, बठ्ठी गल्ली.

पण तिनं तिथंच पहिली अट घातली. ज्यांना यायचंय त्यांना खरं बोलावं लागेल. आणि तेच तर अवघड, कारण या गल्लीत कोणी कोणाच्या नातीच्या कामाला नावं ठेवणार नाही. ती म्हणाली, मला कौतुक करणारी माणसं नकोत, आबा, माझ्याकडे ती भरपूर आहेत. मी म्हटलं, ते माझ्यावर सोड. कौतुक मोडायला मला कोणाची मदत लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन ओट्यावर यायच्या आत, मी आणि नाना बाहेर सतरंजी टाकून बसलो. चेतनानं बटण वर आणलं होतं, पण ते खरंच दिसतं का हे आम्हाला विचारणार नव्हती, आम्ही आता शिकलेले झालो होतो. पहिला आला तो गल्लीतला दूधवाला, साठीचा असेल. त्याच्या मोबाईलची अक्षरं आमच्याहून मोठी. नानांनी त्याला काम सांगितलं. त्यानं एका हातात कॅन धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं दोन-तीनदा दाबलं, पडद्याकडे डोळे बारीक केले, आणि मोबाईल खिशात घालत म्हणाला, ‘भारी शे, आबा.’

मी त्याच्या हातातला कॅन काढून माझ्या मागं ठेवला आणि त्याला सतरंजीवर बसवलं.